सतरा दातांचा हिशेब

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, आमचे हे गॅरेजात जातात, असे माझी पत्नी आल्यागेल्याला सांगते. त्यात खोटे काही नाही. माझ्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती घेताना मी इंजिन पाहिले, पत्रा ठोकून पाहिला, वायरिंग तपासले. पाहिला नाही तो फक्त एक काटा.

पणदऱ्याहून बारामतीला निघालो होतो. उसाचे दिवस, कारखान्याकडे ट्रॉल्यांची रांग. काटा साठावर होता आणि दुचाकीवाले मात्र भराभर मागे पडत होते. 'आज फार घाईत दिसता,' पत्नी म्हणाली. मी तिला काटा दाखवला. ती म्हणाली, 'त्याला काय कळतंय?' बँकेत छत्तीस वर्षे आकड्यांवर विश्वास ठेवून काढलेल्या माणसाला हे लागले. परतताना मी रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले. दहा किलोमीटर झाले तेव्हा मीटर ८.६ दाखवत होता. म्हणजे काटा साठावर असताना मी सत्तरने चाललो होतो.

ही गाडी आमच्या भागाला तशी परकी नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंदांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून ती पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही ती गेली. आता ती राहिली आहे ती माझ्यासारख्या हौशी माणसांच्या पडवीत.

गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी विचारले ते असे: 'काका, काटा आणि आकडे दोन्ही चुकत्यात का नुसता काटा?' हा प्रश्न किती शहाणा आहे ते मला नंतर कळले. जुन्या गाडीच्या मीटरमध्ये एकाच केबलवर दोन यंत्रे चालतात. किलोमीटरचे आकडे दातेरी चाकांनी फिरतात. तिथे घसरायला जागा नाही. काट्याचे काम वेगळे. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक गरगरतो, त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, तरी चुंबकाच्या फिरण्याने वाटी ओढली जाते आणि एक केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत काटा जिथे थांबेल तो वेग. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचे पेटंट घेतले आणि पुढे जगभरच्या गाड्या त्याच युक्तीवर धावल्या. तेव्हा नुसता काटा चुकत असेल तर दोष मीटरच्या पोटात. काटा थरथरत असेल तर केबल पिळली आहे किंवा तिला ग्रीस नाही. पण काटा आणि आकडे सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर मीटर उघडूच नये. खालून येणारा हिशेबच चुकीचा आहे.

आमचे दोन्ही सारखेच चुकत होते. मिस्त्री गाडीखाली गेले आणि तिथूनच हसले. आधीच्या मालकाने दुसऱ्याच गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला होता. गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला शाफ्टवर एक वर्म असतो, त्यात करंगळीएवढी पिनियन अडकते आणि ती केबल फिरवते. ही पिनियन त्या दुसऱ्या गाडीच्या चाकांना आणि मागच्या क्राऊन-पिनियनला बेतलेली होती. माझ्या गाडीचे हे दोन्ही जुनेच राहिले. पिनियनला ते ठाऊक असायचे कारण नाही.

दात मोजले, वीस भरले. आता किती दातांची हवी? इथे बहुतेकांची गल्लत होते. काटा कमी दाखवतो, तर दात वाढवायला हवेत असे वाटते. माझेही तसेच झाले. खरे उलटे आहे: दात जितके जास्त, तितकी पिनियन सावकाश फिरते आणि काटा आणखी खाली येतो. आहेत त्या दातांना मीटरने दाखवलेल्या अंतराने गुणायचे आणि खऱ्या अंतराने भागायचे. वीस गुणिले ८.६ भागिले दहा, म्हणजे १७.२. दोन दशांश दात कोणी देत नाही, म्हणून सतरा. अठरा घेतली असती तर काटा पुन्हा कमी दाखवत राहिला असता. काट्याने खऱ्यापेक्षा थोडे जास्त दाखवलेले चालते, कमी दाखवलेले नाही. युरोपातला नियमही असाच आहे.

रस्त्यावरच्या दगडांचा भरवसा नसेल तर अंगणातही हिशेब होतो. केबल मीटरपासून सोडवायची, आतल्या तारेच्या टोकाला कागदी झेंडी लावायची, टायरवर खडूची खूण करायची आणि गाडी सरळ ढकलत चाक सहा वेढे फिरवायचे. झेंडी किती वेळा फिरली ते मोजायचे, अंतर टेपने मोजायचे. चालक आत बसलेला हवा, कारण वजनाने टायर दबतो. मग किलोमीटरमागे किती वेढे होतात ते काढून मीटर किती वेढे मागतो त्याच्याशी ताडून पाहायचे. स्मिथ्सच्या इंग्रजी मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरांत १००० असे असेल, तर ते मैलामागचे वेढे, किलोमीटरला ६२१. आम्ही हेही केले. नातू झेंडी मोजत होता, दोनदा चुकला.

पिनियन मिळायला दोन महिने लागले. दात मोजून भागत नाही. वर्मच्या पिळाशी दातांचा तिरपेपणा जुळावा लागतो, नाहीतर नायलॉनचे दात पंधरा दिवसांत उडतात. पुण्याच्या जुन्या बाजारातून शेवटी एक सापडली. ती बसवताना मिस्त्री सहज म्हणाले, 'बरं झालं, काका. असल्या मीटरनं गाडीचं आवरेज पडल्यागत दिसतं. मालक उगं ड्रायव्हरवर संशय घेतो.'

मी तिथल्या खोक्यावर बसलो.

१९८६ मध्ये मी याच भागातल्या एका शाखेत शेती अधिकारी होतो. वसुलीसाठी जीप होती. तिचे ड्रायव्हर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. लॉगबुक तपासणे माझ्याकडे. गिअरबॉक्सचे काम करून जीप परत आली आणि लिटरला अकरा देणारी गाडी साडेनऊच्याही आत आली. डिझेल जाते कुठे? मामा म्हणाले, 'सायेब, मीटर कमी दाखवतंय. दगड मोजा.' मी म्हणालो, 'मामा, मीटर कशाला खोटं बोलेल?' टिपण मी लिहिले, सही माझी. डिझेलचे पैसे त्यांच्या तीन पगारांतून कापले गेले.

अकराचे ८६ टक्के केले तर साडेनऊच्या आतच येतात. ती जीप आता नाही, तिची पिनियन कोणी मोजणार नाही. पण मला त्या लॉगबुकाची पाने आठवतात. जीप दुरुस्त होऊन आल्यावर बारामतीच्या प्रत्येक खेपेला आधीपेक्षा चारेक किलोमीटर कमी पडत होते. रस्ता तोच, गावे तीच. चोरी करणारा माणूस किलोमीटर वाढवून लिहितो, कमी करून नव्हे. एवढे साधे. मी डिझेलचा रकाना आणि सरासरी पाहिली, शेजारचा रकाना पाहिलाच नाही.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत, लेकाकडे असतात. मी पद्मिनी घेऊन गेलो. बोलणे आधी घोकले होते, तिथे गेल्यावर त्यातले निम्मेच आले. पाकीट पुढे केले. त्यांनी ते हाताने बाजूला सारले आणि विचारले, 'ह्या गाडीची किती दातांची निघाली?'

'वीस होती. आता सतरा टाकली.'

'दाखवा.'

त्यांना पुढच्या सीटवर बसवले आणि बारामतीच्या रस्त्याला लागलो. मामांनी मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचून घेतला आणि मग काच खाली करून एकेक दगड मोजत राहिले. माझ्याशी बोलले नाहीत. दहाव्या दगडाला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, चष्मा पुसला आणि मीटरवर वाकले.

'दहा आणि वर एक,' ते म्हणाले. 'थोडं जास्त दाखवतंय, सायेब. लिहून ठेवा.'