साडेपाचच्या आत

अकोला, जठारपेठ. मे महिना, पहाटेचे पावणेपाच. गच्चीवर ओळीनं गाद्या पडल्यात, मच्छरदाण्या वाऱ्यानं फुगतायत. खालचं घर रिकामं आहे. भिंती अजून काल दुपारचं ऊन ओकतायत, म्हणून मे लागला की या घराचा मुक्काम वर हलतो. 2020च्या मे महिन्यात इथला पारा 47 अंशांच्या पुढे गेला होता. त्या गावात थंड वाऱ्याची झुळूक मिळते ती याच वेळी, याच जागी. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला माझ्या मित्राचा मुलगा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलाय. खुर्ची अशी लावलीय की पडद्याचा उजेड टाकीवरच पडतो, झोपलेल्यांच्या डोळ्यांवर नाही.

मी उठून त्याच्याजवळ जातो. तो मान वर करत नाही.

"काका, बसा. फक्त पाच मिनिटं बोलू नोका, मंग दाखवतो."

मी बसतो. बोटं चालतात, थांबतात. थांबतात तेव्हाच खरं काम चाललेलं असतं, हे त्याच्याकडे पाहून कळतं. ओठ किंचित हलतायत, नजर पडद्यावर असून पडद्याच्या पलीकडे आहे. अमुक ठिकाणाहून तारीख येते, तमुक ठिकाणी ती बदलते, तिसऱ्या ठिकाणी तिच्यावरून हिशेब होतो: ही सगळी साखळी त्यानं डोक्यात एकाच वेळी उचलून धरलीय. पलीकडच्या गादीवरून मित्र खाकरतो, काही विचारायला तोंड उघडतो. वहिनी झोपेतच हात हलवतात. "हळू बोला जी, थो काम करून राह्यला."

हा मुलगा पुण्याच्या एका कंपनीसाठी इथूनच काम करतो. दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर आहे. आता तो लॅपटॉप माझ्याकडे वळवतो.

"हे पाहा काका. आत्ता मी खोटा पेशंट ॲडमिट केला. घड्याळात पाच वाजून राह्यले. तारीख कोणती पडली?"

तारीख कालची पडलीय.

"दिवसा टेस्ट केली त बरोबर येते. रात्रीच चुकते."

कारण साधं आहे, सापडायला मात्र अवघड. दूरचा सर्व्हर वेळ साठवतो ती जागतिक प्रमाणवेळेनं, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे मध्यरात्र उलटली तरी पहाटे साडेपाचपर्यंत सर्व्हरच्या लेखी आदलाच दिवस चालू असतो. पडद्यावर दाखवताना तो आकडा आपल्या वेळेत आणायचा, तेवढी एक पायरी कुणाच्या तरी हातून सुटलीय. परिणाम असा की रात्री तीनला छातीत दुखतं म्हणून दाखल झालेल्या माणसाच्या बिलात खाटेचा एक दिवस जास्त लागतो. घड्याळ मागेपुढे करून ही चूक दिवसाही पकडता येते, पण आधी संशय तर यायला हवा. तिथल्या सगळ्या चाचण्या ऑफिसच्या वेळेत झालेल्या. याला संशय आला, कारण हा या वेळेला जागा असतो.

दुरुस्ती एका ओळीची आहे. ती ओळ कुठं घालायची हे ठरवण्यात त्याची पहाट गेलीय. साडेपाचच्या आधी तो पुन्हा एक खोटा पेशंट दाखल करतो आणि आजची तारीख पडते. "जमलं," एवढंच म्हणतो आणि उठून टाकीच्या तोटीखाली तोंड धुतो.

सातला खालून आरोळी येते, "नळ आले!" अकोल्याला पाणी येतं महानच्या काटेपूर्णा धरणातून, आणि तेही रोज नाही. नळ आले की घरातला प्रत्येक हात लागतो. पाइप, ड्रम, टिल्लू पंप, आणि हाही. मी विचारतो, मग दिवसभर काय? तो म्हणतो, "आठनंतर मी ऑफिसचं काम करतो काका. मीटिंगा, मेल, कोणाले काही समजावून सांगणं. प्रोग्रॅमिंग जेवढं व्हायचं तेवढं होऊन गेलं."

दुपारच्या आत मी अमरावतीच्या वाटेवर आहे. मूर्तिजापूर मागं पडतं. याच राष्ट्रीय महामार्ग 53 वर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत, न थांबता टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. सलग काम झालं की काय होतं ते गुळगुळीत रस्त्यावर दिसतंच. पण तिथं एक पाळी थकली की दुसरी पाळी येऊन रोलर हाती घेत होती. गच्चीवरच्या मुलानं डोक्यात धरलेली साखळी अशी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. ती सुटली की पहिल्या कडीपासून पुन्हा उचलावी लागते.

ते पुन्हा उचलणं मी अमरावतीत, साईनगरला, डोळ्यांसमोर पाहतोय. दीड वाजलाय. माझी भाची या घरची सून. तीही प्रोग्रॅमर, तीही घरूनच काम करते. तिची शांत वेळ दुपारी एक ते चार, कारण तेव्हा बाहेर जाळ असतो आणि कूलरच्या घरघरीत अख्खं घर झोपतं. म्हणजे तिच्या वाट्याला दिवसातली सगळ्यात तापलेली वेळ आलीय. कूलर हॉलमध्ये आहे, ती आतल्या खोलीत. लॅपटॉपखाली तिनं दोन वह्या सरकवून हवेला वाट करून दिलीय, तरी पंखा शिट्टी मारल्यासारखा वाजतो. फार तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, मग दुपारी प्रत्येक चाचणीला जास्त वेळ लागतो.

ती एका लांबलचक फाइलीच्या मध्यावर आहे. कागदावर बाण काढलेत: हे इथून येतं, हे तिथं जातं. दारावरची बेल वाजते. सिलिंडरवाला. ती उठते, पैसे देते, परत येते. बसल्यावर तिचं बोट काय करतं ते मी पाहतो. फाइल सरकवत ती थेट पहिल्या ओळीवर जाते आणि तिथून वाचायला लागते. बाणांपर्यंत पोचते न पोचते तोच दार ढकललं जातं. सासूबाई ताकाचा पेला घेऊन उभ्या आहेत. माया खरी आहे, ताकही गार आहे.

"घे व माय, उन्हाचं. अन् जरा गॅसवरचं दूध पाहून घेशीन का? तू त घरीच हायस नं."

ती हसून "हो आई" म्हणते, दूध पाहून येते, आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जाते.

"मामा, सकाळी नाही का बसत, असं सगळे म्हणतात," ती नंतर सांगते. "सकाळी डबे असतात. रात्री म्हणाल, तर साडेसातला क्लायंटचा कॉल असतो. न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात आणि इथं पोळ्यांची वेळ. माझ्याजवळ ही दुपारच आहे."

टॉम डीमार्को आणि टिमोथी लिस्टर या दोघांनी 1984 ते 1986 या काळात 92 कंपन्यांतल्या 600हून अधिक प्रोग्रॅमरांना एकच काम, आपापल्या नेहमीच्या जागी बसून करायला लावलं होतं. त्यावरचं 'पीपलवेअर' हे पुस्तक 1987 साली आलं. काम चांगलं होण्याचा अनुभवाच्या वर्षांशी फारसा संबंध निघाला नाही. जागेशी मात्र निघाला. सगळ्यात सरस ठरलेल्या पाव गटाकडे माणशी सरासरी 78 चौरस फूट जागा होती, सगळ्यात मागच्या पाव गटाकडे 46. सरस गटातले 57 टक्के आपली जागा पुरेशी शांत आहे म्हणत होते, मागच्यांतले 29 टक्के. हे आकडे ऑफिसांचे आहेत, पण भाचीच्या खोलीच्या दाराकडे पाहताना मला तेच आठवतायत. दाराला आतून कडी आहे. ती लावलेली मी एकदाही पाहिली नाही.

रात्री अकरा. राजापेठकडच्या एका अभ्यासिकेत शिरतो. बहुतेक खुर्च्यांवर स्पर्धा परीक्षेची पोरं, नकाशे आणि चालू घडामोडींच्या वह्या. कोपऱ्यात नुकतेच इंजिनिअर झालेले दोघं लॅपटॉप उघडून बसलेत. घरी टीव्ही आणि पाहुणे, म्हणून इथं. फोन बाहेर, बोलायचं बाहेर, हा नियम भिंतीवर लिहिलाय आणि पाळला जातोय. यांच्यासाठी इतकी नेमकी जागा मला गावात दुसरी दिसत नाही. रात्री काम करायची प्रोग्रॅमरांची सवय तशी जुनी. 1960च्या आसपास अख्ख्या विद्यापीठाला एखादंच यंत्र असे आणि विद्यार्थ्यांना ते मोकळं सापडे ते रात्री. आता यंत्र प्रत्येकाच्या पिशवीत आहे आणि मोकळं सापडत नाही ते माणसाचं डोकं.

मुलींच्या रांगेतल्या खुर्च्या मात्र रिकाम्या आहेत. सांभाळणारा म्हणतो, "त्या नऊलेच निघतात साहेब. घरचे न्यायले येतात."

पहाटेची वेळ सगळ्यात चांगली की रात्रीची, हा वाद मला दिवसभर पाहिल्यावर बिनमहत्त्वाचा वाटतो. गच्चीवरच्या मुलाला पहाट लाभते, कारण तिच्यावर आईचा पहारा आहे. या दोघांना रात्र लाभते, कारण भिंतीवरचा नियम पाळला जातो. भाची हुशारीत कुणालाही कमी नाही. तिच्या वेळेवर पहारा कुणाचा नाही, आणि तिचं काम रखडतं ते तेवढ्याचसाठी.

म्हणून अमरावती-अकोल्यात अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: उन्हाळ्यात पहाटे चारला दार उघडा, आणि मुलींना निर्धास्त येता-जाता येईल अशी सोय करा. आणि ज्यांच्या घरात असं काम करणारं कुणी आहे, मग मुलगा असो, मुलगी असो की सून, त्यांनी आजच विचारावं की तुझे सलग दोन तास कोणते. त्या दोन तासांत दूध, नळ आणि दारावरची बेल घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांभाळावी.