ट्रॅक्टरचा क्रमांक आणि अश्वशक्ती

ट्रॅक्टर घेताना बरेच शेतकरी बंधू बॉनेटवरच्या आकड्यावरूनच अश्वशक्तीचा अंदाज बांधतात. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असा हिशोब. कर्जाचा अर्जही त्याच हिशोबाने भरला जातो आणि सहा फुटी रोटाव्हेटर लावल्यावर इंजिन दबू लागले की चूक उमगते.

ही समजूत अगदीच निराधार नाही. झेटरच्या सहकार्याने पिंजोर येथे एच.एम.टी.ने बनविलेल्या २५११ मध्ये पहिले दोन आकडे अश्वशक्तीचे होते. स्वराज ७३५ मध्ये शेवटचे दोन आकडे मूळ अश्वशक्ती दाखवीत. पुढे इंजिन सुधारले, नाव मात्र तेच राहिले. आजचा ७३५ एफ.ई. सुमारे ४० अश्वशक्तीचा आहे. जॉन डिअर ५०५० डी मध्ये पहिला ५ मालिकेचा व पुढचे ५० अश्वशक्तीचे. पण त्याच मालिकेतील ५३१० हा ५५ अश्वशक्तीचा, म्हणजे तेथे हा नियम चालत नाही.

खरा घोळ पुढे आहे. फार्मट्रॅक ६० हा ५० अश्वशक्तीचा आहे. आयशर २४१ एका सिलिंडरचा, २५ अश्वशक्तीचा. मॅसी फर्ग्युसन २४१ डी.आय. तीन सिलिंडरचा, ४२ अश्वशक्तीचा. क्रमांक एकच, ताकदीत १७ अश्वशक्तीचा फरक! महिंद्रा ४७५ व ५७५ यांच्या आकड्यात शंभराचे अंतर, पण अश्वशक्ती अनुक्रमे ४२ व ४५. दोन्हींना चार सिलिंडर आणि सुमारे २७३० घनसेंटिमीटरचे इंजिन. डी.आय. ही अक्षरेही ताकद सांगत नाहीत. डिझेल थेट पिस्टनवरील ज्वलनकक्षात फवारले जाते, एवढाच त्यांचा अर्थ.

सिलिंडर जास्त म्हणजे ताकद जास्त, हेही खरे नव्हे. तीन सिलिंडरचा फार्मट्रॅक ६० चार सिलिंडरच्या ४७५ पेक्षा ताकदवान आहे, कारण त्याचे सिलिंडर आकाराने मोठे आहेत. अश्वशक्ती ही इंजिनाचा पिळा आणि मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकारातून येते. कमी फेऱ्यांवर जास्त पिळा देणारे इंजिन आमच्या काळ्या, चिकट जमिनीत नांगराला अधिक उपयोगी पडते. विक्रेता हे क्वचितच सांगतो.

रोटाव्हेटर, मळणीयंत्र, फवारणी पंप यांना इंजिनाची नव्हे, पी.टी.ओ.ची अश्वशक्ती लागते. ती साधारणपणे इंजिनाच्या ८५ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे ४५ च्या ट्रॅक्टरला सुमारे ३८. म्हणून माहितीपत्रकात पी.टी.ओ. अश्वशक्ती, इंजिनाचे घनसेंटिमीटर व फेरे पाहावेत. एकाच क्रमांकाच्या उपप्रकारांत थोडा फरक असतो, तेव्हा पूर्ण नाव लिहून घ्यावे. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल विक्रेत्याकडे मागावा. त्यात पी.टी.ओ.वर मोजलेली ताकद व तासाला लागणारे डिझेल दिलेले असते. जुना ट्रॅक्टर घ्यावयाचा असल्यास नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक इंजिनावरील क्रमांकाशी जुळवून पाहावा. बॉनेट बदलायला वेळ लागत नाही.