शब्द एक, शास्त्रं अनेक : डिप्रेशन

१ जून २०२० रोजी भारतीय हवामान विभागाने अरबी समुद्रावर 'डिप्रेशन' तयार झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा रायगडमधल्या बोर्ली पंचतनची बाजारपेठ टाळेबंदीने आधीच थंडावली होती. दिवेआगरचे पर्यटक मार्चपासून बंद, मुंबईकर चाकरमानी गावी परतलेले, हातातला पैसा आटत चाललेला. दोन दिवसांनी, ३ जूनच्या दुपारी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. त्याच तिमाहीत देशाचं सकल उत्पादन जवळपास २४ टक्क्यांनी घसरलं. आणि वाडी आडवी झालेल्या कित्येक घरांत झोप उडाली, ती वादळ ओसरल्यावरही परत आली नाही.

हवामान, अर्थकारण आणि मन या तिन्ही शास्त्रांत हा एकच शब्द वावरतो. याची गंमत होत नाही, तर गफलत होते. कारण बोलण्यात तो नुसत्या मरगळीसाठी वापरला जातो. शास्त्रांत मात्र त्याला बहुतेक ठिकाणी मोजमाप असतं, आणि ती मोजपट्टी ठाऊक असणं किनाऱ्यावरच्या माणसाच्या फार उपयोगाचं आहे.

सुरुवात समुद्रापासून. पाणी साधारण २६ ते २७ अंशांहून अधिक तापलं की त्यावरची दमट हवा वर चढते. वर गेल्यावर बाष्पाचं पाणी होतं, त्यातून उष्णता बाहेर पडते, हवा आणखी वर चढते आणि खाली समुद्रसपाटीवर दाब उतरत जातो. त्या उतरलेल्या दाबाकडे चारी बाजूंनी वारे धावतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळून गरगरू लागतात. या वाऱ्यांचा वेग ताशी ३१ ते ५० किलोमीटर असला तर हवामान विभाग त्याला डिप्रेशन म्हणतो, ५१ ते ६२ असला तर डीप डिप्रेशन. ६३ गाठला की चक्रीवादळ, आणि नाव मिळतं ते तेव्हाच. 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेलं होतं. एप्रिल २०२० मध्ये १३ देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतलं ते पहिलंच.

निसर्गने हे सगळे टप्पे झपाट्याने ओलांडले. १ जूनला डिप्रेशन, २ जूनच्या दुपारी चक्रीवादळ, ३ जूनच्या पहाटे तीव्र चक्रीवादळ. किनाऱ्याला लागताना वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. वादळाच्या केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. समुद्रसपाटीवरचा सरासरी दाब १०१३ धरला तर ही घट जेमतेम ३ टक्क्यांची. एवढ्याशा घटीने कौलं, पत्रे, विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे खाली आले. श्रीवर्धन तालुक्यातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. म्हणूनच बंदरावर बावटा चढला की कोळी बांधव होड्या ओढून घेतात. पहिल्या नंबरचा बावटा दूर समुद्रात वादळ आकार घेत असल्याची खूण असतो, तर तिसऱ्या नंबरचा थेट त्या बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असतो. डिप्रेशन हा शब्द इथे तयारीला मिळालेला वेळ सांगतो.

वाडीत काय झालं, ते जवळून पाहायला हवं. श्रीवर्धन, दिवेआगर, बोर्ली हा पट्टा रोठा सुपारीचा. इथली वाडी मजल्यामजल्यांची: वर नारळ, मध्ये सुपारी, खोडावर मिरवेल, सावलीत जायफळ. नारळ कोसळला तो चार पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, घेऊनच. उभ्या राहिलेल्या पोफळीही सुटल्या नाहीत, कारण वरची सावली गेल्यावर कोवळं खोड उन्हाने भाजतं. नवी पोफळ लावली तर पीक यायला सहा-सात वर्षं लागतात. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली, पण इथे जमीन हेक्टरात नाही, गुंठ्यांत मोजली जाते. हिशेब गुंठ्याला साधारण ५०० रुपये पडतो. २० गुंठ्यांच्या वाडीला १० हजार, आणि वाट पाहायची २०२६-२७ पर्यंत. ही मदत या वाड्यांसाठी अपुरी होती, असंच म्हणावं लागेल.

इथून अर्थशास्त्राचं डिप्रेशन लांब नाही. लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घटलं की त्याला ढोबळमानाने मंदी म्हणतात. २०२० मध्ये भारतात तेच झालं, पण वर्षअखेरच्या तिमाहीत आकडे पुन्हा वर आले. डिप्रेशन, म्हणजे महामंदी, त्याहून कितीतरी खोल आणि लांब. ऑक्टोबर १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तिथला दर चौथा कामगार बेकार झाला. भारतात शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास आले. सारा आणि कर्ज मात्र तसंच राहिलं. याच काळात, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला. जमीनदार खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार. भाताची खाचरं ओसाड ठेवून, जंगलातली लाकूडफाटी विकून ही कुटुंबं १९३९ पर्यंत टिकून राहिली. संपाचं मूळ खोती जुलमात होतं, हे खरं. पण भाव पडलेल्या वर्षांत तो जुलूम असह्य झाला असणार, हे समजायला अर्थतज्ज्ञ व्हावं लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं.

बाकीचे अर्थ थोडक्यात. दहावीच्या भूमितीत दीपगृहावरून होडीकडे पाहताना नजर आडव्या रेषेच्या खाली जितकी झुकते, तो अवनत कोन. इंग्रजीत तोही डिप्रेशनचाच कोन, आणि होडी किनाऱ्याकडे येते तसा तो वाढतो. बर्फात मीठ घातल्यावर पाण्याचा गोठणबिंदू शून्याखाली उतरतो, तेही डिप्रेशन. कुल्फीवाल्यांचा धंदा त्यावर चालतो. हृदयाच्या आलेखावर 'एसटी डिप्रेशन' लिहिलेलं दिसलं तर त्याचा मनाशी संबंध नाही. आलेखातला एक भाग पायारेषेखाली गेला आहे आणि हृदयाला रक्त कमी पडत असण्याची शक्यता आहे, एवढाच त्याचा अर्थ. असा अहवाल हातात आला तर 'टेन्शन घेऊ नको' म्हणून घरी बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

मनाच्या डिप्रेशनलाही, म्हणजे नैराश्याच्या आजाराला, मोजपट्टी आहे, आणि नेमकी तीच लोकांना ठाऊक नसते. वाडी गेल्यावर रडू येणं हा आजार नव्हे. पण मन उदास राहणं किंवा कशातच रस न वाटणं, यांपैकी एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकलं, सोबत झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडली, स्वतःला नालायक समजणं किंवा मरणाचे विचार आले, आणि अशा नऊ लक्षणांतली पाच जुळली, तर डॉक्टर ते नैराश्य मानतात. 'आळशी झालाय', 'मन खंबीर कर' हे त्यावरचे उपाय नाहीत. समुपदेशन आणि औषधं यांनी बहुतेकांना बरं वाटतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटाने कोकणच्या किनाऱ्यावर, कासवांच्या अंड्यांची राखण करणाऱ्या माणसांच्या सोबतीने, हा आजार समजुतीने दाखवला. २०१६ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं.

वादळाची मदत मागायला तलाठ्याकडे जाताना कुणी लाजत नाही. मनासाठी मदत मागतानाही लाजू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं. घरातलं कुणी दोन आठवड्यांपासून गप्प असेल, तर त्याच्या शेजारी बसून हा क्रमांक लावा.