भरीत आणि चोखा : प्रवाशाच्या पानाविषयी काही विचार

प्रवासाहून परतलेल्या मनुष्यास 'काय काय पाहिले?' असे विचारले असता तो प्रथम देवळे, लेणी, समुद्र यांची नावे सांगतो. परंतु गोष्टी थोड्या रंगात आल्या की तो एखाद्या जेवणाचे वर्णन करू लागतो. कोठे बसलो, पानात काय होते, वाढणाऱ्याने आग्रह कसा केला, हे सारे त्याला दहा वर्षांनंतरही आठवते. लेण्याचा क्रमांक तो विसरलेला असतो. चटणीचा ठसका मात्र विसरलेला नसतो. या साध्या अनुभवाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. परमुलखात घेतलेले एखादे जेवण संस्मरणीय का ठरते, आणि त्या स्मरणीयतेची किंमत कोण देतो, या दोन प्रश्नांचा विचार खानदेशातील उदाहरणे घेऊन प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तुलनेसाठी आपण एका दूरच्या बेटावरही जाणार आहोत. ते का, हे पुढे स्पष्ट होईल.

१. खानावळ आणि उपाहारगृह

प्रथम शब्दांचा उलगडा करणे इष्ट होय. 'रेस्टॉरंट' हा शब्द फ्रेंच असून त्याचा मूळ अर्थ शक्ती पुन्हा मिळवून देणारा रस्सा असा होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये असा रस्सा देणारी दुकाने निघाली आणि पुढे दुकानालाच ते नाव पडले. त्यापूर्वी युरोपातील प्रवासी धर्मशाळेवजा पथिकगृहात उतरत, आणि ठरलेल्या वेळी, एकाच मेजावर, जे शिजले असेल ते जेवत. नव्या दुकानाने त्यांस तीन गोष्टी दिल्या : स्वतंत्र मेज, हवी ती वेळ आणि पदार्थांची निवड.

आपल्याकडील खानावळ ही पहिल्या प्रकारची संस्था होय. तेथे निवड नसते. आज जी भाजी, तीच सर्वांच्या पानात. ज्याला मराठीत आपण 'हॉटेल' म्हणतो, ते दुसऱ्या प्रकारचे. सामान्यतः निवड वाढली म्हणजे सुख वाढले असे मानले जाते. तथापि स्मरणाच्या बाबतीत हा नियम लागू पडत नाही. निवडीचा कागद जितका लांब, तितके त्यावरील पदार्थ सर्व शहरांतून सारखे होत जातात, आणि जे सर्वत्र सारखे ते कोणत्याही एका गावाशी बांधले जात नाही. ज्याला गाव नाही, त्याला आठवणीतही जागा मिळत नाही. म्हणून प्रवाशाच्या स्मरणात राहते ते बहुधा निवड नसलेले पान. खानदेशातील भरिताचे पान हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

२. भरिताचे पान

जळगाव जिल्ह्यात भरितासाठी वापरतात ते वांगे जांभळे नसून फिकट हिरवे, पांढुरक्या रेषांचे, आकाराने मोठे व बियांनी कमी असे असते. आसोदा, यावल तालुक्यातील बामणोद इत्यादी गावांची नावे या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहेत. २०१६ साली 'जळगावचे भरीत वांगे' आणि 'जळगावची केळी' या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे हा माल या भूमीचाच आहे, हे कायद्यानेही मान्य झाले.

हे वांगे कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. जाळ मोठा व क्षणिक असतो. साल पूर्ण करपते, आतील पोकळसर गर आपल्याच वाफेत शिजतो आणि धुराचा वास आत मुरतो. मंद शेगडीवर गर शिजतो खरा, परंतु हा वास येत नाही. साल काढून गर लाकडी पात्रात ठेचतात. हिरवी मिरची व लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सढळ हाताने तेल, एवढाच संभार. सोबत ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी किंवा पुरी.

या पदार्थाला काळाचेही बंधन आहे. चातुर्मासात अनेक घरांतून वांगे वर्ज्य असते. मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविला जातो, आणि थंडीच्या दिवसांत शेताशेतांतून भरिताच्या पंगती झडतात. जळगाव शहरात तयार भरीत वजनावर विकणारी दुकाने आहेत, आणि तेथून डबे भरून ते परगावी जाते. परंतु ज्याने ते हिवाळ्यात, शेताच्या बांधावर, विझत्या जाळाशेजारी बसून खाल्ले, त्याचे स्मरण निराळे असते. वास आणि स्मृती यांचा मेंदूतील संबंध निकटचा आहे, असे शरीरशास्त्र सांगते. तेव्हा धुराचा तो वास पुन्हा आला की शेत, थंडी आणि माणसे एकदम उभी राहतात, यात नवल नाही.

भरिताच्या पानात बियाणे, इंधन, ऋतू आणि हात ही चारही अंगे स्थानिक असतात, हे येथे लक्षात घ्यावे. यांपैकी इंधनाचा उल्लेख पाककृतींच्या पुस्तकांत क्वचितच येतो. वास्तविक ज्या जिल्ह्यात कापूस पिकतो, त्याच जिल्ह्यात काड्यांचा असा जाळ सहज उपलब्ध असतो. एका पिकाचे अवशेष दुसऱ्या पिकाची चव ठरवितात.

३. रस्त्याने घडविलेले अन्न

येथे एक आक्षेप संभवतो. स्थानिक ते घरचे आणि हॉटेलचे ते परके, असे मानावयाचे काय? तसे मानणे चुकीचे ठरेल. आणि त्याचा पुरावाही खानदेशातच आहे. शेवभाजी हा आज खानदेशाची ओळख बनलेला पदार्थ मुख्यतः ढाब्यावर व खानावळीत प्रतिष्ठा पावला. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण व काळा मसाला यांचे वाटण, त्याचा तर्रीदार रस्सा, आणि वाढतेवेळी त्यात सोडलेली बेसनाची जाड, तिखट शेव, असे त्याचे स्वरूप आहे. शेव आधी टाकल्यास विरघळते. म्हणून ती अखेरीस टाकावयाची.

या पदार्थाची रचना पाहिली असता ती वाटसरूच्या गरजेशी किती जुळते, हे ध्यानात येते. ताजी भाजी नसली तरी चालते; शेव पुष्कळ दिवस टिकते; रस्सा तयार असला की अवेळी आलेल्या गिऱ्हाइकासही पाच मिनिटांत पान वाढता येते. मुंबई-आग्रा मार्ग आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा मार्ग हे धुळ्याजवळ एकमेकांस छेदतात. रात्रंदिवस मालमोटारी चालणाऱ्या अशा मुलखात असे अन्न रुजावे, हे स्वाभाविकच होय. तीच गोष्ट बट्टीची. वरण-बट्टी खानदेशात गावजेवणाचा पदार्थ आहे. तिचे सोयरे माळव्यात व राजस्थानात बाटी या नावाने भेटतात.

उलट, खापरावरचे पुरणाचे मांडे पाहा. उपड्या खापरावर, हातावर झेलून मोठे केलेले हे मांडे अक्षय्यतृतीयेला, म्हणजे आखाजीला, आमरसाबरोबर खाल्ले जातात. त्यांस लागणारे कसब वर्षानुवर्षांच्या सरावाने स्त्रियांच्या हातात येते, आणि पाच मिनिटांत पान वाढण्याच्या धंद्याशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून ते सण-समारंभाशी बांधलेले राहिले. सारांश, कोणता पदार्थ हॉटेलात जाईल हे त्याच्या रुचीवर जितके, तितकेच त्याच्या श्रमाच्या स्वरूपावर अवलंबून असते.

४. समुद्रापलीकडील वांगे

कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर सुट्टीसाठी गेलेल्या प्रवाशास सकाळच्या न्याहारीत 'बैगन चोका' व 'सादा रोटी' मिळते. वांग्याला चिरा पाडून त्यात लसूण खोचतात, ते विस्तवावर करपवून भाजतात, साल काढून ठेचतात, आणि वर कडकडीत तेलात कांदा-लसणीची फोडणी देतात. खानदेशी माणसास हा पदार्थ ओळखण्यास क्षणही लागणार नाही.

हे वांगे तेथे कसे पोहोचले? ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे जहाज भारतीय करारबद्ध मजुरांस घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत चाललेल्या या प्रथेत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसे त्या बेटावर नेली गेली. त्यांपैकी बहुसंख्य भोजपुरी-अवधी प्रदेशातील होती. मराठी मजूर गेले ते प्रामुख्याने मॉरिशसला. भोजपुरी मुलखातील लिट्टी-चोखा त्या माणसांच्या आठवणीत होता. उसाच्या मळ्यांत राबताना त्यांनी चोख्याला जिवंत ठेवले. म्हणजे भरीत आणि चोका यांच्यात आई-मुलीचे नाते नसून दूरच्या चुलत बहिणींचे आहे. आणि लिट्टी व बट्टी यांनाही तोच न्याय लावता येईल.

प्रवासी आनंदाने खातो त्या न्याहारीमागे असा सक्तीचा प्रवास उभा असतो. एकाची सुट्टी आणि दुसऱ्याचा करार हे दोन्ही एकाच पानात वाढलेले असतात. ही जाणीव झाल्याने जेवणाची गोडी कमी होते असे मुळीच नाही. पण तिला खोली येते.

५. पंक्तीचा प्रश्न

हॉटेलातील सुखाचा विचार करताना आपल्या देशात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. अनोळखी माणसांशेजारी बसून, अनोळखी हातचे खाणे हे आपल्याकडे सहजसाध्य नव्हते. कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे हे जातीने ठरविलेले होते, आणि कित्येकांस प्रवासात पाणीही मिळत नसे. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट निर्देश करावा लागला. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा करावा लागला. अमळनेरला ज्यांनी अध्यापन केले, त्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराच्या प्रवेशासाठी उपोषण केले, हे खानदेशास सांगावयास नको. देवळाचे दार आणि पंगतीचे पान हे एकाच प्रश्नाचे दोन भाग होते.

त्रिनिदादला निघालेल्या जहाजांवर हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. महिनोन्‌महिने एकाच भांड्यातले अन्न खाल्ल्याने सोवळ्याचे बंध सैल झाले आणि 'जहाजी भाई' हे नवे नाते जन्मास आले. तेथे परिस्थितीने जे घडविले, ते येथे कायद्याने व चळवळीने घडवावे लागले. ढाब्याच्या बाजेवर आज कोणीही कोणाशेजारी बसून शेवभाजी खातो, हा सामान्य वाटणारा देखावा पुष्कळांच्या झगड्याचे फळ आहे. संस्मरणीय जेवणाच्या मुळाशी 'मला येथे बसू दिले' ही भावनाही असते, आणि ज्यांना बसू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी ती सर्वांत मोठी असते.

६. पाहुण्याचे पान आणि यजमानाचे शेत

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी १९७० नंतरच्या दशकात असा विचार मांडला, की पर्यटकाला 'खरे' पाहावयाचे असते आणि म्हणून यजमान त्याच्यापुढे खरेपणाचा देखावा उभा करतो. अँटिगा बेटावर जन्मलेल्या लेखिका जमैका किंकेड यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'अ स्मॉल प्लेस' या पुस्तकात याहून बोचरा मुद्दा उपस्थित केला : पर्यटक चवीने खातो ते 'बेटावरचे' अन्न बहुधा विमानाने मायामीहून आलेले असते. अनेक कॅरिबियन बेटे आजही आपल्या अन्नाचा मोठा भाग आयात करतात. शतकानुशतके निर्यातीसाठी ऊस पिकविणाऱ्या भूमीत स्वतःच्या पानासाठी पिकविणे मागे पडले, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

खानदेशाची स्थिती सुदैवाने तशी नाही. परंतु निश्चिंत राहण्यासारखीही नाही. अजिंठ्याची लेणी पाहावयास येणारे देशोदेशींचे प्रवासी सुमारे साठ किलोमीटरवरील जळगाव स्थानकावर उतरतात. त्यांच्यापुढे जर कोणत्याही शहरात मिळणारा तोच निवडीचा कागद ठेवला गेला, तर त्यांना काही आठवणार नाही, आणि येथील शेतकऱ्यालाही काही मिळणार नाही. याउलट हिवाळ्यात त्यांच्या पानात भरीत व कळण्याची भाकरी आली, तर हिरव्या वांग्याचे बियाणे राखणाऱ्यास, ज्वारी-उडीद पेरणाऱ्यास आणि भाकरी थापणाऱ्या स्त्रीस त्याचा वाटा पोहोचू शकेल. 'शकेल' असे म्हणण्याचे कारण हे, की तो आपोआप पोहोचत नाही. मानांकनाचा शिक्का मालावर बसतो. हातावर बसत नाही. मोबदला कोणाच्या पदरी पडतो, हे पाहावेच लागते.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे अभ्यासाचे एक क्षेत्र सुचवावेसे वाटते. महामार्गावरील ढाबे व शहरातील खानावळी यांत कोणत्या महिन्यात काय शिजते, वांगी कोठून येतात, जाळ कशाचा असतो, भाकरी कोण थापते व तिला काय मिळते, याची गावोगाव नोंद व्हावी. पाककृती लिहून ठेवल्याने पदार्थ टिकतोच असे नाही. तो टिकतो तो त्याचे बी, त्याचे सरपण आणि त्याचे कसब टिकल्याने.

प्रवाशाला आठवते ते जेवण म्हणजे, अखेर, त्या भूमीने काही क्षण त्याला आपले म्हटल्याची खूण असते. त्रिनिदादच्या किनाऱ्यावर चोका खाणारा असो, की यावलच्या शेतात भरीत खाणारा असो, करपलेल्या सालीखालचा तो मऊ, धुरकट गर दोघांनाही एकच गोष्ट सांगतो : येथे कोणीतरी पेरले, कोणीतरी भाजले, आणि मग तुला बोलाविले. खाणाऱ्याने निदान एवढे जाणून घ्यावे.