घंटा वाजते, दखल कोण घेतो?

शहादा तालुक्यातील टेंभली हे गाव २९ सप्टेंबर २०१० रोजी देशभर ठाऊक झाले. आधार क्रमांकांच्या वाटपाचा प्रारंभ त्या दिवशी तेथे झाला. पुढे रेशनच्या दुकानातही अंगठा यंत्रावर टेकवावा लागू लागला आणि त्याची खातरजमा दूरच्या सर्व्हरवर होऊ लागली. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून उतरून आलेल्या बाईला ‘सर्व्हर बंद आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून सर्व्हर बंद पडतो म्हणजे काय होते, हे सामान्य माणसानेही जाणून घेतले पाहिजे. वीज, तुटलेली तार, गर्दी अशी त्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका, सहसा कानी न पडणाऱ्या कारणाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत.

सर्व्हर म्हणजे अखेर एक संगणकच. त्याच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, डिस्क, नेटवर्क कार्ड इत्यादी अवयव काम झाल्याची वर्दी देतात. या वर्दीला इंटरप्ट म्हणतात. ती आली की प्रोसेसर हातचे काम क्षणभर बाजूला ठेवतो, वर्दीची दखल घेतो आणि पुन्हा कामाला लागतो. ही सोय नसती, तर त्याला प्रत्येक दाराशी जाऊन ‘काही आहे का?’ असे विचारत हिंडावे लागले असते.

आता अडचण अशी की, घंटेच्या तारा मोजक्या. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये त्या ८ होत्या; १९८४ च्या एटी यंत्रात १५ वापरता येत. म्हणून पुढे एकाच तारेवर दोन-तीन अवयव बसवण्याची रीत पडली. घंटा वाजली की लिनक्स ही कार्यप्रणाली त्या तारेवरील प्रत्येक अवयवाच्या ड्रायव्हरला विचारते, ‘ही तुझी का?’ सगळेच ‘नाही’ म्हणाले, तर ती घंटा बेवारस ठरते. एक लाख घंटांपैकी ९९,९०० हून अधिक अशा बेवारस निघाल्या, की लिनक्स ती तारच बंद करते आणि नोंदवहीत लिहिते : ‘आयआरक्यू १६ : नोबडी केअर्ड’. म्हणजे १६ क्रमांकाच्या घंटेची कोणीच दखल घेतली नाही! यात खरा अन्याय शेजाऱ्यावर होतो. त्याच तारेवरचे निर्दोष नेटवर्क कार्ड किंवा डिस्कही मुकी होते, आणि बाहेरच्या माणसाला एवढेच दिसते की सर्व्हर रखडला.

उपाय क्रमाने करावा. यंत्र घाईने बंद-चालू करू नये. तसे केल्यास घंटांची मोजदाद शून्यावर येते आणि पुरावा हातचा जातो. आधी ‘डीमेसग’ ही आज्ञा देऊन तारेचा क्रमांक पाहावा. मग ‘प्रॉक’ या कप्प्यातील ‘इंटरप्ट्स’ हे पान उघडावे. त्या तारेवर कोणकोण बसले आहेत, ते तेथे दिसते. ज्याचा ड्रायव्हरच भरलेला नाही, असा अवयव त्या पानावर दिसत नाही आणि पुष्कळदा तोच घंटा वाजवीत असतो, हे ध्यानात ठेवावे. संशयितांना एकेक करून बाजूला काढावे, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवून पाहावे, ड्रायव्हर आणि बायॉस अद्ययावत करावे. अवयवाला जमत असेल, तर सामायिक तार सोडून त्याला ‘एमएसआय’ या स्वतंत्र निरोपाच्या पद्धतीवर आणावे. ‘इर्कपोल’ नावाची एक सोय आहे. तिने बेवारस घंटेसाठी सर्वांची चौकशी होते, पण वेळ खर्ची पडतो. ती कुबडी आहे, औषध नव्हे.

कामगार चळवळीत आम्ही एवढे शिकलो की, तक्रार दाबल्याने तिचे कारण नाहीसे होत नाही. यंत्राचेही तसेच आहे. लिनक्स निदान तार बंद केल्याची लेखी नोंद तरी ठेवते. तेव्हा ‘सर्व्हर बंद आहे’ असे उत्तर मिळाले, की कोणता दोष, कोणत्या वेळी नोंदला गेला आणि तो कोणी दुरुस्त केला, हे नागरिकांनी लेखी विचारावे. त्या बाईच्या बुडालेल्या मजुरीला एवढे उत्तर तरी मिळालेच पाहिजे.