थंडीत धावड्याच्या वाटेने

भोकरदन तालुक्यातलं धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत आहे. इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे मफलर लागतोच. बहुतेक जण थेट अजिंठा लेणी गाठतात. तिथली दहावी लेणी इसवी सनापूर्वीची. पण भोकरदनला वगळू नका. हे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. 1973-74 च्या उत्खननात इथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला, आणि तिचं साम्य थेट इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी! अन्व्याचं कोरीव शिवमंदिर तर निवांत पाहावं असं. इतिहासवेड्यांनी असईलाही जावं. 23 सप्टेंबर 1803 रोजी मराठे आणि इंग्रज तिथेच भिडले. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, बेत त्याप्रमाणे आखा.