पदांतून शब्द वगळले तर

नाटकांतील पदाचे शब्द काढून घेतले, गाणारें पात्रही दूर केलें, तर मागें काय उरतें? श्रोतेहो, या प्रश्नाचें एक उत्तर १९५६ सालीं अमेरिकेंत मिळालें. त्या वर्षींच्या मार्चमध्यें 'माय फेअर लेडी' हें संगीत नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलें. शॉच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांडे यांनीं १९७५ सालीं 'ती फुलराणी' उभी केली, तेंच याचेंही मूळ. ऑगस्टांत शेली मॅन यांचे ड्रम, आंद्रे प्रेव्हिन यांचा पियानो आणि लेरॉय व्हिनेगर यांचा बास, एवढ्या तीनच वाद्यांवर त्यांतील आठ चालींची एक संपूर्ण जॅझ तबकडी ध्वनिमुद्रित झाली. पद्धत अशी कीं, प्रथम चाल ओळखीची वाजवावयाची. मग तिच्या खालची स्वरसंगतींची चौकट तेवढी कायम ठेवून वर नवी रचना तत्क्षणीं करावयाची.

आपल्याकडे ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. आपल्या पदांत पुष्कळदां चाल आधीं आणि शब्द मागाहून, असाच क्रम होता. १९११ सालच्या 'मानापमाना'साठीं गोविंदराव टेंबे यांनीं उत्तरेकडील ठुमरी-गझलांच्या वळणाच्या चाली दिल्या. १९१६ च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखले यांनीं ख्यालांचा खजिना उघडून दिला. खाडिलकरांची पदें त्या सांच्यांत बसलीं. तेव्हां असें पद वाद्यावर वाजविणें म्हणजे पाहुण्यास त्याच्या घरीं पोंचविणेंच होय! टेंबे स्वतः हार्मोनियमचे नामांकित वादक होते, हेंही येथें ध्यानांत घ्यावें.

बालगंधर्वांच्या साथीस ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला असे. हेंही एक त्रिकूटच. मात्र त्याचें काम गळ्यामागून जाण्याचें; जॅझच्या त्रिकुटास गळाच नव्हता. ऑर्गनचा स्वर स्थिर, त्यास मींड साधत नाहीं. ती सारंगी भरून काढी.

मेहरूण तलावाच्या या जळगांवांत नारायणराव राजहंसांस लहानपणीं मेहबूबखां यांच्याकडून गाण्याचे धडे मिळाले. पुढें त्यांच्या भामिनीनें श्रोत्यांस इतकें वेड लाविलें कीं, पद म्हणजे तो आवाज, अशी समजूत दृढ झाली. माझ्या मतें या समजुतीनें वादकांचें नुकसान केलें. पेटीवर नाट्यपद वाजविणारे बहुधा गायकाची हरकत जशीच्या तशी उचलतात, आणि ऐकणारा मनांत शब्द म्हणत बसतो. प्रेव्हिन-मॅन यांनीं लय बदलण्याची मुभा घेतली. आपल्या वादकास तर राग आणि ताल यांचें सबंध मैदान मोकळें आहे.

यांत एक धोका आहे, तो लपवूं नये. भामिनीचा मान आणि तिचा पश्चात्ताप हीं दोन्हीं एकाच रागाच्या आलापींत बुडून गेलीं, तर उरेल ती नुसती बैठक. म्हणून ज्याला हें करावयाचें असेल त्यानें सुटीं पदें न निवडतां 'मानापमान' आरंभापासून अखेरपर्यंत, प्रवेशांच्या क्रमानें वाजवावें. सारंगी, ऑर्गन, तबला. चौथें माणूस नको.